गॅलरीची कडी

रविवार, ९ नोव्हेंबर

वन्सं,

तुझं प्रतिज्ञापत्र मिळालं. म्हणजे तू मला पाठवलं नाहीस, तुझ्या भावाच्या वकिलाने कोर्टात दिलं आणि त्याची प्रत माझ्या वकीलबाईंनी माझ्यापुढे सरकवली. उगाच वाटलं होतं, तुझं अक्षर दिसेल. सगळं टाइप केलेलं निघालं. खाली सही मात्र तुझीच, शेपूट लांब ओढलेली.

‘माझ्या भावाने वहिनीवर हात उगारल्याचे मी कधीही पाहिलेले नाही. तो प्रेमळ बाप आहे. मुलीचा त्याच्यावर जीव आहे.’

मी वाचलं आणि म्हटलं, “खरं आहे हे.”

वकीलबाईंनी चष्मा काढला. “खरं आहे म्हणजे?”

“म्हणजे तिने पाहिलेलं नाही. आणि मुलीचा जीव आहेच.”

“हे कोर्टात असं म्हणू नका हं.”

“मग खोटं बोलू?”

“नाही हो बाई. विचारल्याशिवाय बोलू नका, एवढंच.”

मला तर आता विचारल्यावरही बोलावंसं वाटत नाही. खारूला घेऊन घर सोडलं त्याला वर्ष होऊन गेलं. तुझ्या भावाचा अर्ज आहे की खारू दर शनिवारी-रविवारी त्याच्या घरी राहायला यावी, रात्रीही. माझं म्हणणं इतकंच की भेट, हवं तेवढं भेट, पण कुणाच्या तरी समोर भेट. सगळं भांडण एवढ्यावर आहे. का, असं कोर्ट विचारतं, मग मला कारण सांगावं लागतं. गंमत बघ, माझ्या तोंडात असेपर्यंत ती माझी हकीकत असते, टेबलाच्या पलीकडे गेली की तिचा आरोप होतो.

हे पत्र मी टाकणार नाही, निदान इतक्यात तरी नाही. तू साक्षीदार आहेस आणि साक्षीदाराशी बोलायचं नसतं. वकीलबाईंनी दम भरलाय: फोन नाही, निरोप नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. केस संपली की टाकीन. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि इतकी वर्षं सांगायला तूच होतीस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तू म्हणाली होतीस, “मला ताई म्हटलंस तर मी म्हातारी होईन. वन्सं म्हण, निदान नाटकातल्यासारखं तरी वाटेल.” वन्सं म्हणून वर अगं-तुगं करणारी मी जगातली एकटीच वहिनी असेन.

खारू झोपलीये, तोंड उघडं टाकून. पुढचे दोन दात पडलेत. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या घरात एक बोळकं, असं शेजारीण म्हणते.

वहिनी


रविवार, २३ नोव्हेंबर

वन्सं,

या आठवड्यात समुपदेशकांकडे जाऊन आलो. कोर्टाने नेमलेला माणूस. आईबाप आणि मूल यांना भेटायचं, बघायचं आणि कोर्टाला अहवाल द्यायचा, हे त्याचं काम. वयाने लहानच, सर्दी झालेला, सारखा रुमाल शोधणारा. वाईट नव्हता.

खोलीत एक सतरंजी, प्लास्टिकची घसरगुंडी आणि चाकं नसलेल्या मोटारी. तुझा भाऊ आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला बघून खारू धावली. तो घोडा झाला, ती पाठीवर बसली. त्याला हे छान जमतं, तुला माहीतच आहे. ड्रायव्हिंग शिकवताना शिकाऊ लोक गाडी फुटपाथवर चढवतात तरी ज्याचा आवाज चढत नाही, त्याला घोडा व्हायला काय लागतं? समुपदेशक कोपऱ्यात बसून लिहीत होते. मी बाहेरच्या बाकावर होते. आतून खारूचं खिदळणं येत होतं. खरं सांगू? मलाही बरं वाटलं. आणि मग आपल्याला बरं वाटतंय याचीच भीती वाटली.

मग माझी पाळी.

“तुम्हाला त्यांची भीती वाटते?”

“हो.”

“म्हणजे आत्ता? या क्षणी?”

पलीकडच्या खोलीत तो खारूला गाणं म्हणून दाखवत होता. मी म्हटलं, “हो, या क्षणीसुद्धा.”

“पण तुम्ही अगदी शांत दिसता.”

काय सांगू त्यांना? माझं कामच हात स्थिर ठेवायचं आहे. मेणात एकेक दात बसवताना हात थरथरला तर कुणाच्या तरी जेवणाचे हाल होतात. रडले असते तर लिहिलं असतं, आई भावनेच्या भरात बोलते. नाही रडले तर शांत दिसते. मी गप्प बसले, तेही त्यांनी लिहिलं.

खारूला त्यांनी विचारलं होतं, “बाबांकडे राहायला आवडेल?” ती म्हणाली, “हो.” “आणि आईकडे?” “हो.” “दोघांपैकी जास्त कुठे?” तर आपली खारूताई म्हणते, “मला शाळेत राहायला आवडेल.”

अहवाल चार पानी आला. ‘पतीपत्नींमध्ये तीव्र मतभेद. मुलगी वडिलांसोबत मोकळी व आनंदी. आईची काळजी परिस्थितीच्या मानाने अधिक वाटते. मुक्कामी भेटी टप्प्याटप्प्याने सुरू करण्यास हरकत नसावी.’

त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, त्यात काही खोटं नाही. तुझ्यासारखंच.

वहिनी


रविवार, १४ डिसेंबर

वन्सं,

न्यायाधीश बाईंनी अहवाल वाचला आणि म्हणाल्या, काय घडलं ते आधी ठरवू, भेटींचं मग बघू. वकीलबाई जिन्यातच माझा हात धरून म्हणाल्या, “ही मोठी गोष्ट आहे. कितीतरी ठिकाणी हे बाजूलाच ठेवतात. म्हणतात, जुनं उकरू नका, मुलाचं पुढचं बघा.”

म्हटलं, बरं. मग कळलं की आता मला निवडायचं आहे.

“अकरा वर्षं सांगता येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “ठळक प्रसंग द्या. केव्हा, कुठे, काय झालं, कुणी पाहिलं.”

मी तिथेच अडले. माझ्याकडे प्रसंग फारसे नाहीत गं. माझ्याकडे आहे ते असं: मी कामावरून आले की तो माझा फोन हातात घ्यायचा आणि वाचत वाचत चहा प्यायचा, पेपर वाचावा तसा. महिनामहिना माझ्याशी बोलायचा नाही आणि खारूला सांगायचा, “आईला विचार मीठ कुठंय.” मी माझ्या आईला भेटायला निघाले की गाडीची चावी सापडायची नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा सापडली नव्हती. हे कुठल्या तारखेला घडलं म्हणून सांगू? पाऊस कुठल्या थेंबाने सुरू झाला, असं विचारल्यासारखं आहे ते.

“गप्प बसणं नाही घेता येणार,” वकीलबाई म्हणाल्या. “ते कुठल्या घरात नसतं?” त्यांनी टोचून नाही म्हटलं, दमून म्हटलं. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या कितीतरी बायकांच्या फायली होत्या.

शेवटी तीन गोष्टी धरल्या. फोन. मनगट, म्हणजे जिन्यात त्याने पिरगळलेलं आणि मी डॉक्टरांना ‘पाय घसरला’ म्हणून सांगितलेलं. आणि गॅलरी.

“गॅलरीत कोंडलं तेव्हा कुणी होतं?”

“बऱ्याच वेळा झालं ते. एका वेळी होतं कुणीतरी.”

“कोण?”

मी तुझं नातं सांगितलं. त्यांनी तुझं प्रतिज्ञापत्र उचललं, बघितलं आणि परत ठेवलं. “ही? ही तर त्यांची साक्षीदार आहे. हिला विचारलं आणि ती नाही म्हणाली तर ती गोष्ट आपल्या हातची गेली. उरलेल्याही जातील कदाचित.”

“माहीत आहे.”

“नाही म्हणेल?”

मी म्हटलं, “तो तिचा भाऊ आहे. लहानपणी दोघं एका पांघरुणात झोपायची. मी कोण? बाहेरून आलेली.”

“मग विचारू की नको?”

“विचारा.”

का म्हटलं, कुणास ठाऊक. तुझ्यावर विश्वास होता म्हणून म्हटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला एकदाचं कळायला हवं होतं.

वहिनी


रविवार, ११ जानेवारी

वन्सं,

आज फार लिहिणार नाही. शनिवारी दिवसा भेट असते, तात्पुरत्या हुकुमावर. खारू परत आली की आधी तासभर बोलत नाही, मग एकदम सगळं बोलते. काल म्हणाली, “बाबांनी विचारलं, आईकडे कोण कोण येतं?”

“तू काय सांगितलंस?”

“मी सांगितलं, भाजीवाली.”

मग बराच वेळ गेला आणि म्हणाली, “मी चुकीचं सांगितलं का?”

मी म्हटलं, नाही गं राणी, भाजीवाली येतेच की. पण तिला हे विचारावं लागलं. वकीलबाईंना फोन केला तर म्हणाल्या, यात कोर्टात सांगण्यासारखं काही नाही. बरोबरच आहे. कोर्टात सांगण्यासारखं काही नसतं आणि मूल मात्र पाच मिनिटं विचार करून उत्तर द्यायला शिकतं.

खूप दमलेय. दिवसभर लोकांच्या जबड्यांच्या प्लास्टरच्या साच्यांसमोर बसते. ते सगळे आ करून माझ्याकडे बघत असतात. मालक म्हणतात, थोडी रजा घ्या. रजा कोर्टाच्या तारखांना पुरत नाही.

वहिनी


मंगळवार, २४ फेब्रुवारी

वन्सं,

आज माझी उलटतपासणी झाली. तुझी उद्या आहे. तुला सांगितलं असेलच, तू एवढ्या लांब राहतेस म्हणून व्हिडिओवर घेतील, कोर्टातल्या पडद्यावर.

तुझ्या भावाचे वकील उंच, खोकल्याची गोळी चघळत बोलणारे. अदबशीर. आवाज नाही, दरडावणी नाही. तसं असतं तर बरं झालं असतं.

“तुम्ही म्हणता तुम्हाला कोंडलं. नेमकं कुठे?”

“गॅलरीत.”

“गॅलरी म्हणजे उघडीच जागा ना? मोकळ्या हवेत कोंडतात का कुणाला?”

मागे कुणीतरी हसलं. मला वाटतं, तुझी आई. नसेलही.

“शेजाऱ्यांना हाक मारता आली असती?”

“आली असती.”

“मग का नाही मारली?”

“हाक मारून झाल्यावर आत घरातच जायचं होतं ना.”

“पोलिसांत गेलात? कधीच नाही. डॉक्टरांना सांगितलंत, पाय घसरला. म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“म्हणजे खोटं बोलता येतं तुम्हाला.”

मग त्यांनी फोटो काढला. तळ्याकाठचा, आम्ही तिघं फिरायला गेलो होतो तेव्हाचा. “मनगटानंतरच्या महिन्यातला हा फोटो. यात कोण हसतंय?”

“मी.”

“घाबरलेली बाई अशी हसते?”

“फोटो काढणाऱ्याने हस म्हणून सांगितलं होतं.”

“कुणी काढला?”

“यांनीच. टायमर लावून.”

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

दुपारी तुझा भाऊ उभा राहिला. फोनचं त्याने कबूलच केलं, म्हणाला, “नवराबायकोत लपवायचं काय?” जिन्यात तो पुढे होता, मी मागे घसरले. आणि गॅलरीबद्दल म्हणाला, “ती आपणहून जाऊन बसायची. तिला एकटं बसायला आवडायचं. मी कशाला आडकाठी करू?” इतक्या मऊ आवाजात म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, खरंच का मला आवडायचं? वन्सं, तुला म्हणून सांगते, त्याचं ऐकत राहिलं की असं होतं. कायम व्हायचं.

घरी आले. खारूने विचारलं, “आज तुला कोर्टात काय शिकवलं?” तिला वाटतं, ती माझी शाळा आहे.

उद्या तू काय बोलशील याचा विचार करायचा नाही, असं ठरवून बसलेय आणि तोच करतेय.

वहिनी


बुधवार, २५ फेब्रुवारी

वन्सं,

तुझे केस पांढरे झालेत. पडदा लागला आणि मला पहिलं तेच दिसलं. तुझ्या मागे खिडकीचा निळा पडदा होता आणि चित्र मध्येच अडकत होतं. तुला आम्ही दिसत होतो की नाही कुणास ठाऊक, म्हणून आज जे झालं ते इकडून कसं दिसलं ते लिहिते.

त्यांच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. मजकूर खरा आहे का? तू म्हणालीस, हो. भावाने हात उगारलेला पाहिलात का? नाही. ते बसले आणि त्यांनी नवी गोळी तोंडात टाकली.

मग माझ्या वकीलबाई उठल्या.

“दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तुम्ही भावाकडे राहायला होतात?”

“हो.”

“त्यांच्या गॅलरीचं दार कधी उघडलंत?”

“रोजच. कपडे वाळत घालायला.”

“वहिनी बाहेर असताना?”

कारकुनाला वाटलं चित्र अडकलं. तो उठून म्हणाला, “आवाज येतोय का मॅडम?”

तू म्हणालीस, “येतोय.” मग म्हणालीस, “एकदा उघडलं.”

“दार नुसतं लोटलेलं होतं?”

“नाही. कडी होती.”

“कुठून?”

“आतून. त्या दाराला कडी आतूनच आहे. बाहेरून नाहीच.”

बस्स. काल दिवसभर ‘ती आपणहून बसायची’ ऐकलं होतं सगळ्यांनी. त्यांचे वकील उठले, पण न्यायाधीश बाईंनी हात वर केला आणि स्वतःच विचारायला लागल्या.

“तुमचे भाऊ कुठे होते?”

“हॉलमध्ये.”

“त्यांना माहीत होतं?”

“मी विचारलं, वहिनी कुठंय? तो म्हणाला, हवा खातेय. डोकं थंड होऊ दे तिचं.”

“किती वेळ होत्या त्या बाहेर?”

“माहीत नाही. माझं जेवण झालं होतं.” मग तू म्हणालीस, “तिने वाढलं नव्हतं म्हणून मी माझं माझं घेतलं. तरी मला विचारायचं सुचलं नाही.”

“मुलगी?”

“दाराच्या काचेला हात लावून बसली होती. आतून.”

“मग प्रतिज्ञापत्रात हे का नाही लिहिलंत?”

“त्यात हात उगारण्याबद्दल विचारलं होतं,” तू म्हणालीस. आणि मग, इतक्या हळू की कारकुनाने पुन्हा सांगायला लावलं, “तो माझा भाऊ आहे.”

मी तेव्हा तुझ्या भावाकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता, खालमानेने, लहान मुलासारखा.

तुला वाटेल, मला आनंद झाला असेल. मी स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला ती दुपार आठवली. तू दार उघडलंस, मला पलंगावर बसवलंस आणि माझे पाय टॉवेलने चोळत बसलीस. पाय गरम झाले तशी तू उठून भांडी घासायला गेलीस. त्यावर आपण पुढे कधी बोललोच नाही. आज बोललो म्हणायचं, कोर्टभर लोकांसमोर आणि एकमेकींकडे न बघता.

वहिनी


गुरुवार, १९ मार्च

वन्सं,

निकाल लागला. काय घडलं त्याचा निकाल आधी, भेटींचा नंतर, पण दोन्ही एकाच आठवड्यात आले.

गॅलरी सिद्ध. एकदा नव्हे, वारंवार, असं त्यांनी धरलं. आणि मुलीसमोर. फोन सिद्ध. मनगट मात्र ‘शक्य आहे, पण सिद्ध होत नाही’. मी वकीलबाईंना म्हटलं, “मनगट तर रोज दुखतं.” त्या म्हणाल्या, “सिद्ध झालं नाही म्हणजे घडलं नाही असं नव्हे.”

“मग काय?”

“म्हणजे कोर्टाला कळलं नाही.”

तेही ठीक आहे म्हणते. निकालात एक वाक्य होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मुलीचे वडिलांवर प्रेम आहे आणि वडिलांनी आईला भीतीत ठेवले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.’ इतकी वर्षं मी यातली कुठली तरी एक खरी मानायची धडपड करत होते.

साक्षी संपल्या तेव्हाच समुपदेशकांना पुन्हा अहवाल द्यायला सांगितलं होतं. या वेळी ते घरी आले. सर्दी तशीच. चहा घेतला आणि म्हणाले, “मागच्या वेळी मी जे डोळ्यांसमोर होतं तेच पाहिलं.” त्यांनी खारूला बाबा आवडतात का वगैरे विचारलं नाही. म्हणाले, घरात तुझी कामं काय काय असतात?

खारू म्हणाली, “आई कपडे वाळत घालते तेव्हा मी दारात बसते.”

“का बरं?”

“दार लागू नये म्हणून.”

वन्सं, या भाड्याच्या घरात आलो तेव्हापासून ती उंबऱ्यावर बसते, एक पाय आत, एक पाय बाहेर, हातात बाहुली. मला वाटायचं, पोरीला उन्हात बसायला आवडतं. मी तिला उगाच रागवायचे सुद्धा, वाटेतून ऊठ म्हणून.

समुपदेशकांनी ते लिहून घेतलं. त्यांची पेन्सिल मध्येच थांबली होती, ते मी पाहिलं.

मुक्कामी भेटी नाहीत. दर शनिवारी बालकेंद्रात, देखरेखीखाली. तुझ्या भावाने वर्षभर वागणूक बदलण्याच्या वर्गाला जायचं, मग पुन्हा बघू. वकीलबाईंनी अभिनंदन केलं. मी घरी येऊन पडले ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठले.

आता तुला लिहायला बंदी नाही. सगळी पत्रं एकदम टाकतेय. वाचायची नसतील तर ठेवून दे.

वहिनी


रविवार, ३ मे

वन्सं,

तुझं पत्र आलं. माझ्या इतक्या पानांना तुझं अर्धं पान. त्यात माफी नाही, खुलासा नाही, हे मला आवडलं. आईने फोन ठेवून दिला, तो तर उचलतच नाही, असं लिहिलंयस. आणि खाली एकच प्रश्न: ‘तो कसा आहे?’

आधी डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, मला विचारतेस? त्याची खुशाली मी कळवायची? पत्र फळीवर टाकलं. खारूने त्यावर पेला ठेवला, गोल डाग पडला. आठवडाभर ते तसंच होतं.

मग वाटलं, तू आणखी कुणाला विचारणार?

भेटी सुरू झाल्यात. केंद्रात एक बाई कोपऱ्यात बसून असतात, स्वेटर विणत, पण नजर हलत नाही. पहिल्या दिवशी येताना खारू म्हणाली, “बाबा छान खेळले. एकदाही आईबद्दल विचारलं नाही.” थोडं चालून म्हणाली, “त्या बाई बसल्या होत्या ना म्हणून. त्या आधीपासून आपल्या घरी का नाही बसल्या?”

मी म्हटलं, “आपल्याला माहीत नव्हतं, अशी बाई मिळते म्हणून.” तिला ते पटलं.

तो जाईपर्यंत मला वरच्या खोलीत थांबवतात, आमची गाठ पडू नये म्हणून. इतके शनिवार मी खिडकीकडे पाठ करून बसायचे. काल तुझ्यासाठी वळून बघितलं.

बारीक झालाय. शर्टाला इस्त्री नव्हती. खारूने दिलेला कागदाचा मुकुट हातात होता, तो त्याने नीट दुमडून खिशात ठेवला. रस्ता ओलांडून गाडीपाशी गेला, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी असलेल्या, आणि दार उघडून शिकवणाऱ्याच्या जागी बसला. पट्टाही लावला. मग तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं असावं की गाडी चालवायला कुणी नाही. उतरला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, आणि निघून गेला.

मला राग आला नाही. दयाही फारशी आली नाही. खिडकी लावली आणि खाली येऊन खारूच्या बुटाची नाडी बांधली.

जेवतो की नाही, मला माहीत नाही. ते मी विचारणार नाही. पण तू विचारलंस म्हणून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. पुढच्या शनिवारी पुन्हा बघेन असं म्हणत नाही. बघितलं तर कळवीन.

वहिनी